बोटीच्या कव्हरचा पट्टा तुटला की तो कुठून तुटलाय ते आधी बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात परत लिहितो म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. ट्रेलरवर उघड्यात उभी असलेली बोट, पाच वर्षांचं कव्हर, वादळी वाऱ्यात एकाच बाजूचे दोन पट्टे गेले, त्यातला एक शिलाईतून उसवला आणि दुसरा कापडाचा तुकडा घेऊनच निघाला, शिवाय एक प्लास्टिकचं बक्कल फुटलंय. तुम्ही विचारताय की यावेळी जाड पट्टे लावू का, गोंदाने चिकटवले तर चालतील का, आणि एवढं करण्यापेक्षा कव्हरच नवीन घ्यावं का.

मी कव्हर, टप आणि बोटीतल्या गाद्या शिवायचं काम बावीस वर्षं करतोय, आणि या कामात सगळ्यात जास्त वेळा दुरुस्तीला जे येतं ते म्हणजे पट्टेच. बहुतेक लोक पट्टा तुटला की त्यापेक्षा जाड पट्टा आणून त्याच जागी शिवतात, आणि सहा महिन्यांनी तिथलं कापड फाडून आणतात. मीही सुरुवातीला एकाच्या कव्हरला २५ मिमीचे पट्टे काढून ५० मिमीचे जाड पॉलिएस्टरचे लावून दिले होते, चांगलं भक्कम काम केलं असं वाटलं, आणि पुढच्याच वादळात पट्ट्यांना काही झालं नाही पण खालची दुमड जवळजवळ दीड मीटर फाटली. ते कव्हर वाचवता आलं नाही. तेव्हापासून माझं एकच म्हणणं आहे, की पट्टा ही बदलायची वस्तू आहे आणि कव्हर ही जपायची वस्तू आहे, त्यामुळे काहीतरी तुटायचंच असेल तर ते पट्ट्यावर तुटू दे, कापडावर नको.

आता तुमचे दोन पट्टे घ्या. दोघांची कारणं वेगळी आहेत. जो शिलाईतून उसवलाय त्याचा धागा मेलाय, बाकी पट्टा आणि कापड कदाचित ठीक असेल. कव्हरच्या कापडापेक्षा शिलाईचा धागा आधी जातो, कारण तो वर उघडा असतो आणि बारीक असतो, ऊन त्याला चारही बाजूंनी खातं. उरलेल्या शिलाईत टाचणी घालून एखादा टाका हलकेच उचलून बघा, चांगला धागा टाचणीला अडवतो आणि मेलेला सहज पटकन तुटतो. तो तुटला तर समजा की त्या बाजूचेच नाही, सगळ्या पट्ट्यांचे धागे त्याच वयाचे आहेत आणि बाकीचेही आज ना उद्या निघणार आहेत, फक्त वारा या बाजूने आला म्हणून हे आधी निघाले.

जो कापड घेऊन निघालाय त्याची गोष्ट जास्त काळजीची. तिथे एकतर कापड कुजलंय किंवा ओढ एकाच जागी आली. फाटलेल्या जागेपासून वीतभर लांबचं कापड दोन्ही हातांच्या चिमटीत धरा आणि जोरात ओढा, अगदी मनापासून ओढा, घाबरू नका, आत्ता तुमच्या हाताने फाटलं तर बरंच आहे. टरकन फाटलं तर त्या कव्हरला पट्टा लावण्यात अर्थ नाही. हाताने नाही फाटलं तर कापड जिवंत आहे आणि चूक शिलाईच्या मांडणीत होती. मग फाटलेली कड नीट बघा. सरळ एका रेषेत, पोस्टाच्या तिकिटासारखं भोकाभोकांवरून फाटलं असेल तर शिलाई फार जवळजवळची होती. ओढीच्या आडवी अशी बारीक टाक्यांची रांग घातली की आपणच कापडाला फाटायची रेघ आखून देतो.

अजून एक प्रकार असतो, पट्टा मध्येच तुटतो. तो जवळजवळ नेहमी घासून तुटतो. तुटलेली टोकं झाडूसारखी पिसारलेली असतील तर बोटीखालून हात फिरवून बघा, ट्रेलरच्या चौकटीची धारदार कड, एखादा बोल्ट, नंबर प्लेटचा पत्रा, काहीतरी बरोब्बर त्या जागी सापडेल. तिथे जुन्या पाण्याच्या पाइपचा हातभर तुकडा उभा चिरून कडेवर चढवा किंवा पट्टाच त्या पाइपमधून ओवून घ्या.

पट्ट्याच्या मालाबद्दल बोलू, कारण इथे बरेच जण फसतात. बाजारात दिसायला सारखी दिसणारी नवार तीन प्रकारची असते. पॉलिप्रॉपिलीन हलकी, पाणी अजिबात पीत नाही, पण उन्हाला सगळ्यात कच्ची आणि घासण्यालाही कच्ची. नायलॉन ताकदीला जबरदस्त, पण पाणी पितो आणि ओला झाला की लांबतो, म्हणजे कोरड्यात घट्ट ओढलेला पट्टा पावसात सैल पडतो आणि सैल पडला की कव्हर फडफडायला लागतं, फडफडलं की शिलाई जाते. पॉलिएस्टर कमी ताणतो, पाणी नगण्य घेतो आणि उन्हात या तिघांत चांगला टिकतो. मी कव्हरला पॉलिएस्टरच लावतो, २५ मिमी रुंदीचा, आणि छोट्या बोटीला २० मिमीचाही पुरतो. आपल्याकडे कुठला आहे ते ओळखायचं असेल तर एक तुकडा कापून पाण्याच्या भांड्यात टाका आणि दाबून त्यातली हवा काढा, पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलका असल्यामुळे परत वर येऊन तरंगतो, नायलॉन आणि पॉलिएस्टर बुडतात. या दोघांतला फरक ओलं करून ताणल्यावर हाताला कळतो.

जुना पट्टा ठेवायचा की नाही हे बघायला तो बक्कलातून पूर्ण बाहेर काढा. बक्कलाच्या आत जो भाग लपलेला असतो त्याने ऊन पाहिलेलं नसतं, त्याच्याशी बाहेरच्या भागाची तुलना करा. रंग थोडा उडालाय एवढ्यावरून टाकून देऊ नका. पण नखाने खरवडल्यावर भुकटी निघत असेल, किंवा पट्टा दुमडल्यावर वरचे धागे तडकताना दिसत असतील, कडक होऊन वाकतच नसेल, तर तो गेला. कडेला कापलेला दिसला तरी गेला, कारण नवारीची कड तुटली की ती तिथून आत फाटत जाते. आणि पट्ट्याचा कुठला भाग बॅटरीच्या ॲसिडला लागला असेल तर दिसायला धड असला तरी बदला, नायलॉनला ॲसिड अजिबात सोसत नाही.

नवीन पट्टा कापताना गरम सुरी असेल तर उत्तम, नसेल तर कातरीने कापून टोक लायटरने वितळवून घ्या. टोक तिरकं कापलं की बक्कलात ओवायला सोपं जातं. वितळलेलं प्लास्टिक बोटाने दाबू नका, ते कातडीला चिकटतं आणि खोल भाजतं, चमच्याच्या पाठीने दाबा. हे काम बोटीपासून लांब करा, बोटीत पेट्रोलची वाफ खाली साचलेली असते आणि कव्हरखाली तर ती जास्तच कोंडते. टोकाला कडक धारदार गुठळी राहिली तर पॉलिश पेपरने घासा, नाहीतर तीच गुठळी बोटीच्या रंगावर ओरखडे काढते.

आता शिलाई. सगळ्यात आधी धागा. सुती धागा कुजतो, तो नकोच. नायलॉनचा धागा बळकट पण उन्हात लवकर मरतो. बाँडेड पॉलिएस्टर (म्हणजे पीळ सुटू नये म्हणून वर लेप दिलेला), ९२ किंवा १३८ नंबरचा (नंबर मोठा तसा धागा जाड), हा नेहमीच्या कामाचा धागा. टेनारा नावाने मिळतो तसला पीटीएफईचा (टेफ्लॉनचा) धागा उन्हाने जवळजवळ खराबच होत नाही, कव्हर चांगल्या कापडाचं असेल आणि अजून पाच-सात वर्षं वापरायचं असेल तर त्याचे जास्तीचे पैसे द्या, पण तो निसरडा असतो, गाठ धरत नाही, त्यामुळे शेवटी उलटटीप जास्त घालायला लागते. ९२ ला १८ नंबरची सुई आणि १३८ ला २२ च्या आसपासची. घरातल्या साध्या शिलाई मशीनवर १३८ चा धागा आणि दोन-तीन थर कापड अधिक नवार असं घालायला जाऊ नका, मशीनचं टायमिंग बिघडतं. एवढ्याशा कामाला हाताने शिवलेलं चांगलं आणि खरं सांगायचं तर पट्ट्याच्या जागी हाताची शिलाई मशीनपेक्षा कमी पडत नाही.

फाटलेल्या जागेवर थेट पट्टा लावू नका, आधी ठिगळ. ठिगळ कव्हरच्याच कापडाचं किंवा त्याहून थोड्या जाड कापडाचं घ्या, पट्ट्याच्या रुंदीच्या निदान चौपट रुंद, म्हणजे २५ मिमीच्या पट्ट्याला १० सेंटीमीटर, आणि उंचीला १५ ते २० सेंटीमीटर. कोपरे गोल कापा. चौकोनी कोपऱ्याच्या टोकावर सगळा ताण गोळा होतो आणि तिथून नवीन फाट सुरू होते, गोल असला की पसरतो. ठिगळाची खालची कड कव्हरच्या दुमडीत आत घाला म्हणजे दुमडीतली दोरी किंवा इलॅस्टिक जे असेल तेही थोडा भार घेतं. शिवताना कापड सरकू नये म्हणून दोन्ही बाजूंनी चिकटणारी बारीक टेप वापरा, टाचण्यांची भोकं पाणी आत सोडतात. ठिगळ आधी त्याच्या कडेकडेने शिवून घ्या, आणि मग पट्टा, ठिगळ, कव्हर हे तिन्ही एकत्र.

पट्ट्याची शिलाई म्हणजे चौकोन आणि त्यात फुली. पट्टा कापडावर निदान ६ ते ७ सेंटीमीटर वर चढवा, मी स्वतः १० चढवतो, आणि पट्ट्याचं टोक १ सेंटीमीटर आत दुमडून घ्या. टाके ३ ते ४ मिमीचे. यापेक्षा बारीक टाके म्हणजे मघाशी सांगितलेलं तिकिटाचं भोक. चौकोनाच्या उभ्या बाजू आणि फुलीच्या तिरक्या रेघा हे खरं काम करतात, आडव्या रेघा ओढीच्या आडव्या असतात म्हणून त्यांच्यावर दुहेरी-तिहेरी टीप मारत बसू नका, लोक नेमकं तेच करतात. आणि पट्टा ज्या दिशेने ओढला जाणार त्याच दिशेने शिवा. कव्हर बोटीवर चढवून, पट्टा खाली ट्रेलरपर्यंत धरून, खडूने रेघ मारून घ्या. जमिनीवर पसरून अंदाजाने सरळ खाली शिवलेला पट्टा बोटीवर चढल्यावर तिरका ओढला जातो आणि मग सगळा जोर एका कोपऱ्यातल्या चार टाक्यांवर येतो. तुमचा कापडासकट निघालेला पट्टा बोटीच्या पुढच्या निमुळत्या भागातला असेल तर हेच झालेलं असणार असं मला वाटतं, कारण तिथे बोटीची बाजू वळत जाते आणि पट्टा कधीच सरळ खाली जात नाही.

हाताने शिवायचं तर चांभाराची आरी किंवा दाभण आणि मेण लावलेला धागा घ्या. धागा शिलाईच्या लांबीच्या चौपट कापा, दोन्ही टोकांना सुया लावा, आरीने भोक पाडायचं आणि दोन्ही सुया समोरासमोरून त्याच भोकातून काढायच्या, म्हणजे वरून आणि खालून सलग टाका बसतो आणि एका बाजूचा धागा तुटला तरी दुसरा धरून ठेवतो. दोन सुयांचं जमत नसेल तर धावदोरा घालत जा आणि परत येताना राहिलेल्या जागा भरत या. प्रत्येक टाका सारखा ओढा, पण एवढा नाही की पट्टा मध्ये चिमटला जाईल. शेवटी तीन-चार उलटटाके. झाल्यावर आतल्या बाजूने शिलाईवर सीम सीलर (भोकं बुजवणारं द्रव) लावा, नाहीतर मेण चोळून घ्या.

जुनी शिलाई काढताना ओढून काढू नका. दर तिसरा टाका कापला की धागा आपोआप सुटतो. जुनी भोकं कापडी कव्हर असेल तर नखाने चोळल्यावर बरीच मिटतात, व्हिनाइलची भोकं मिटत नाहीत, तिथे ठिगळाखाली झाकायचाच विचार करा.

आणि एवढं सगळं करणारच आहात तर माझं एक ऐका. पट्टा कव्हरला शिवूच नका. त्या जागी त्याच नवारीचा हातभर तुकडा दुमडून लूप शिवा, आणि पट्टा सुटा ठेवा, दोन्ही टोकांना बक्कल लावून, बोटीच्या एका बाजूच्या लूपमधून खालून दुसऱ्या बाजूच्या लूपपर्यंत. पुढच्या वेळी पट्टा खराब झाला की दोन मिनिटात बदलता येतो, कव्हर उतरवून सुई हातात घ्यायला लागत नाही. पट्टे काढून वेगळे धुता येतात, आणि कव्हर घडी करताना बक्कलं कापडावर घासत नाहीत. लूप बिनपिळाचा, सपाट शिवा आणि त्यात दोन बोटं जातील एवढी जागा ठेवा.

बक्कलाचं सोपं आहे. मधल्या दांडीला चीर असलेली बक्कलं मिळतात, पट्ट्याचा शिवलेला फास न उसवता त्या चिरेतून आत सरकवता येतात, दुरुस्तीला तीच आणा. रुंदी मोजून आणा, २५ च्या बक्कलात २० चा पट्टा तिरका होऊन सुटतो. नर आणि मादी दोन्ही भाग एकाच जोडीतले घ्या, वेगवेगळ्या कंपन्यांचे बसल्यासारखे वाटतात आणि ओढ आली की सुटतात. पण तुमचं बक्कल फुटलं का ते बघा. प्लास्टिकचं बक्कल सरळ ओढीला चांगलं असतं, पण ते चौकटीच्या कोपऱ्यावर किंवा बोटीच्या वळणावर टेकलं की वाकतं आणि वाकून फुटतं. ते मोकळ्या हवेत, कशालाही न टेकता येईल अशा उंचीवर घ्या. बक्कल सरकत असेल, पट्टा आपोआप ढिला होत असेल, तर आधी मीठ-वाळू धुऊन बघा, तरी सरकत असेल तर दात झिजलेत किंवा पट्टा त्या बक्कलाला पातळ पडतोय. धातूची बक्कलं लावायची असतील तर खाऱ्या पाण्याजवळ ३१६ ग्रेडचं स्टेनलेस घ्या, आणि ते बोटीच्या रंगावर आपटू नये म्हणून खाली कापडाची गादी शिवा.

आता पट्टे किती ओढायचे. कव्हर फडफडणार नाही इतपत, बस. हाताने ओढून जेवढा येतो तेवढा. रॅचेट, म्हणजे दांडा हलवून आवळायचा पट्टा, कव्हरला कधीच लावू नका, त्याची ताकद बोट ट्रेलरला बांधायला असते, दांडा दोनदा जास्त हलवला की दुमड गेली. उलटंही तेवढंच खरं, कव्हरच्या पट्ट्यांवर विसंबून बोट ट्रेलरला बांधली असं समजू नका, ते वेगळं काम आहे. पट्टे ट्रेलरच्या वायरिंगवरून, ब्रेकच्या नळीवरून, चाकाजवळून नेऊ नका. कव्हर घालून ट्रेलर ओढणार असाल तर (आधी कव्हर त्यासाठी बनवलेलं आहे का ते बघा, सगळी नसतात) वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो हे लक्षात ठेवा, ताशी ८० ला जो दाब असतो त्याच्या दीडपटीपेक्षा जास्त १०० ला असतो, आणि समोरचा वारा यात मिळवायचा. मोकळ्या पट्ट्याला एक पिळा दिला की तो वाऱ्यात थरथरत नाही, सपाट पट्टा थरथरून स्वतःलाच झिजवतो. उरलेली टोकं गुंडाळून वेल्क्रोने बांधा. १५-२० किलोमीटरवर थांबून सगळे पट्टे परत हाताने चाचपून बघा, पहिल्या टप्प्यात थोडे सैल पडतातच.

उभ्या बोटीवर मात्र पट्ट्यांचा मोठा शत्रू पाणी. कव्हरवर १ मीटर लांब १ मीटर रुंद आणि ५ सेंटीमीटर खोल डबकं साचलं तर ते ५० किलो झालं, आणि ते रात्रंदिवस पट्ट्यांना खाली ओढत बसतं. लोक यावर पट्टे अजून आवळतात आणि भार अजून वाढतो. मधे एक टेकूचा खांब द्या, वरचं टोक रुंद आणि मऊ असलेला, म्हणजे पाणी उतरून जाईल. तुमच्या कव्हरच्या मध्ये खोलगट डाग दिसत असेल तर मी खात्रीने सांगतो की वादळाने फक्त शेवटचा धक्का दिला.

धुणं फार अवघड नाही. खाऱ्या पाण्याजवळ असाल तर गोड्या पाण्याने वरचेवर खळबळून काढा, कारण वाळलेलं मीठ आणि वाळूचे कण नवारीच्या आत जाऊन धागे कापतात. कोमट पाणी, साधा सौम्य साबण, मऊ ब्रश, आणि सावलीत पूर्ण वाळवणं. ब्लीच नायलॉनला घालू नका. बक्कलांना तेल-ग्रीस लावू नका, त्यावर धूळ बसते, फार घट्ट वाटलं तर कोरडा सिलिकॉन स्प्रे पुरतो. ओलं कव्हर घडी करून ठेवलं तर पॉलिएस्टर स्वतः कुजत नाही पण बुरशीचे डाग जात नाहीत आणि वास तर नाहीच जात.

गोंदाबद्दल विचारलंय. नको. पॉलिप्रॉपिलीनला बहुतेक गोंद धरतच नाहीत, आणि बाकीच्यांना धरले तरी उन्हात तापलं की सतत ओढीखाली हळूहळू सरकतात. शिवाय गोंदाने कडक झालेल्या जागेच्या कडेलाच कापड मोडतं, आणि नंतर शिवायला गेलं तर सुई चिकटते. शिलाईच्या आधी धरून ठेवायला टेप, एवढाच उपयोग.

कव्हर नवीन घ्यायचं का, हे त्या चिमटीच्या परीक्षेवर ठरवा. कापड हाताने फाटलं तर नवीन घ्या आणि जुन्याचे धड तुकडे ठिगळांसाठी ठेवा. नाही फाटलं तर दोन्ही जागी ठिगळ आणि लूप करा, आणि दुसऱ्या बाजूच्या पट्ट्यांचेही धागे टाचणीने तपासून तेही याच वेळी परत शिवून घ्या. एका बाजूला नवी शिलाई आणि दुसऱ्या बाजूला पाच वर्षांची असं ठेवलंत तर पुढचा वारा त्या जुन्या बाजूने कापड सोडवेल. टाचणी लावून काय निघालं ते आणि फाटलेल्या कडेचा जवळून काढलेला फोटो इथे टाका, ठिगळ किती मोठं लागेल ते मी सांगतो.